रुपयात दोन आणे

(चारठाणा, ता. जिंतूर येथे कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी छापताना कमी केली आहे.)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणारे आहेत, पीकविम्यावर बोलणारे आहेत, गुलाबी बोंडअळीवर बोलायला तर एकेक जण दोन-दोन तास तयार आहे. माझे शिक्षण शेतीचे. त्यामुळे मी उभा राहिलो की लोकांना वाटते, आता हा खताची मात्रा सांगणार. आज मी तसले काही सांगणार नाही. आज मी एका नटाविषयी बोलणार आहे. निळू फुले यांच्याविषयी.

नाव काढताच मागच्या रांगेतली पोरे हसली. हसू द्या. निळूभाऊंचे नाव काढले की महाराष्ट्रात अजून हेच होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. १३ जुलै २००९ ला पुण्यात कर्करोगाने ते गेले. आज विशीत असलेल्या पोरांनी त्यांचे सिनेमे थेटरात पाहिलेले नाहीत. तरी आवाज खरखरीत काढून, डोळे अर्धे मिटून त्यांची नक्कल करणारे एक तरी पोरगे प्रत्येक गावात सापडते. त्या नकलेतला माणूस म्हणजे वाड्यातला पाटील, गरिबाच्या लेकीबाळींवर नजर ठेवणारा, सरपंचकीसाठी गावाच्या चिंध्या करणारा. हा पडद्यावरचा निळू फुले सगळ्यांना पाठ आहे. दुसरा निळू फुले फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या कामाचा आहे तो दुसरा. मात्र पहिला समजल्याशिवाय दुसरा समजत नाही. म्हणून दोघांचेही सांगतो.

माळ्याची नोकरी

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्याचा. घरची परिस्थिती ओढगस्तीची. शिकून साहेब व्हावे अशी सोय नव्हती. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते पुण्यातल्या लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार महिन्याला ८० रुपये.

हा माळी म्हणजे आपल्यातलाच माणूस. सकाळी पाणी देणारा, खुरपणारा, छाटणारा. झाडाला काय झाले ते पानाच्या रंगावरून ओळखणारा. स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्यांना वाटत होते. भांडवल नव्हते म्हणून जमले नाही. भांडवलावाचून धंदा अडणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर ते आपण दरसाल भोगतो.

आता नीट ऐका. या ८० रुपयांतले १० रुपये निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. दर महिन्याला. ८० तले १० म्हणजे आठवा हिस्सा. जुन्या हिशेबाने रुपयात दोन आणे. घरात चंगळ होती आणि उरलेले दिले, असे नव्हे. माळ्याच्या पगारात उरते काय? आधी दिले आणि मग उरलेल्यात घर चालवले. हा आकडा ध्यानात ठेवा. शेवटी मी याच आकड्यावर येणार आहे.

कलापथकातून वगात

सेवा दलाची स्थापना १९४१ ची. शाखेवर खेळ, श्रमदान, अभ्यासवर्ग चालायचे आणि जोडीला कलापथक असायचे. नाच, गाणी, वग यांतून विचार गावोगाव न्यायचा, अशी रीत होती. निळूभाऊ कलापथकात घडले. नाटकाच्या कुठल्या विद्यालयात ते गेले नाहीत. ओट्यावर, मैदानात, कंदिलाच्या आणि बत्तीच्या उजेडात, समोर बसलेला माणूस हसतो का, उठून जातो का, हे बघत बघत ते शिकले.

१९५७ च्या निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. त्या प्रचारासाठी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये त्यांनी रोंग्याची भूमिका केली आणि लोकांच्या नजरेत ते भरले. मग आले शंकर पाटील यांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’. या लोकनाट्याने त्यांचे नाव गावोगाव नेले. वगातल्या नटाला पाठ केलेले शब्द पुरत नाहीत. आज गावात काय घडले, कोण पडला, कोणाची फजिती झाली, हे उचलून तिथल्या तिथे बोलावे लागते. राजाची टर उडवायची आणि राजाला समोर बसवून उडवायची, हे तमाशाने महाराष्ट्राला शिकवले. निळूभाऊ त्या मुशीतले.

पडद्यावरचा पाटील

१९६८ साली अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ आला. त्यात निळूभाऊ झेलेअण्णा झाले आणि तिथून सिनेमाचे दार उघडले. त्यानंतर एकामागून एक सिनेमे. १९७२ साली व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’त ते होते. सरपंच, पाटील, चेअरमन, सावकार अशा भूमिकांची रांग लागली. यात्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये लोक त्यांच्यासाठी तिकीट काढायचे आणि त्यांनाच शिव्या घालत घरी जायचे. म्हाताऱ्या बाया त्यांच्या नावाने कडाकडा बोटे मोडायच्या. नटाला याहून मोठी पावती कोणती?

पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळातल्या ग्रामीण सिनेमांनी शेतकऱ्याचे फार भले केले असे मला वाटत नाही. शहरातल्या माणसाने पडद्यावर खेडे पाहिले ते कसले? फेटा, तमाशा, ऊस, वाडा आणि बाईच्या मागे लागलेला पाटील. शेतकरी एक तर बावळट, नाही तर रंगेल. कोरडवाहू रानात कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे बोंडाच्या काट्यांनी कशी फाटतात, कडबा विकायची पाळी आल्यावर दावणीची बैलजोडी कशी उभी राहते, ज्वारीच्या भावात पेरणीचा खर्च निघतो का, हे त्या पडद्यावर जवळजवळ नव्हतेच. गावाचा प्रश्न म्हणजे गावातला एक वाईट माणूस आणि तो मेला की गाव सुखी, अशी ती मांडणी. मालाला भाव कोण ठरवतो, हे विचारायची सोय त्यात नव्हती.

हे सगळे खरे. तरीही निळूभाऊंनी त्या ठरीव साच्यात राहून एक काम केले. त्यांचा खलनायक आरडाओरडा करत नाही. इतर सिनेमांतला खलनायक डोळे वटारतो, गडगडाटी हसतो. निळूभाऊ आवाज चढवण्याऐवजी उतरवतात. हळू बोलतात, मधेच थांबतात, पुढच्याला घाम फुटेपर्यंत थांबतात. तुम्ही आठवून बघा. आपल्या भागात ज्याच्या हातात खरी सत्ता आहे तो माणूस कधी ओरडतो का? ओरडतो तो त्याचा गडी. मालक हळूच बोलतो. ‘बघू की,’ म्हणतो. त्या ‘बघू की’मध्ये तुमचे वर्ष जाते. ही गोष्ट निळूभाऊंना कळली होती आणि त्यांनी ती पडद्यावर उघडी केली.

भले करणारा माणूस आणि एक प्रश्न

याचा कळस म्हणजे ‘सामना’. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. सिनेमा १९७४ चा. १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तो स्पर्धेत होता. हिंदूराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी म्हणजे निळूभाऊ. भटकत आलेला एक दारुडा मास्तर, एके काळचा गांधीवादी, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदूराव मास्तराला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आपला सगळा पसारा दाखवतो. मास्तराच्या कानावर एक नाव येते. मारुती कांबळे. या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारू लागतो. ज्याला त्याला विचारतो. कोणी उत्तर देत नाही. आणि शेवटी हा एक प्रश्नच हिंदूरावाला खाली ओढतो.

या सिनेमात शिकण्यासारखे काय आहे? हिंदूराव नुसता दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. पण हिंदूरावाने कारखाना उभा केलेला आहे. भागाचा विकास केलेला आहे. लोकांना कामधंदा मिळालेला आहे. त्याच्या उपकाराखाली अख्खा मुलूख दबलेला आहे. तो स्वतःला वाईट समजतच नाही. त्याचा हिशेब सरळ आहे : मी तुमचे एवढे भले केले, आता एका माणसाचे काय झाले ते विचारू नका. निळूभाऊंनी हा माणूस असा रंगवला की आपल्याला तो आवडायला लागतो. मास्तर तर घोटभर दारूसाठी त्याचाच मिंधा. आवडत असतानाच आपल्या लक्षात येते की प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. ही त्या नटाची ताकद. राक्षस दाखवणे सोपे असते. भला दिसणारा, भले करणारा आणि प्रश्न विचारू न देणारा माणूस दाखवणे अवघड असते.

ऊस त्यांचा, कापूस आपला. साखर कारखाने त्यांच्याकडे, आपल्याकडे जिनिंग. पण गोष्ट तीच. मला माहीत असलेली एक हकीकत सांगतो. गावाचे आणि केंद्राचे नाव घेत नाही. एका खरेदीच्या ठिकाणी काटा मारतात, असे सगळे जण आपसात बोलत होते. एका शेतकऱ्याने गाडी आधी दुसऱ्या काट्यावर तोलली आणि मग तिथे नेली. फरक निघाला. त्याने लेखी तक्रार केली. पुढच्या हंगामात त्याचा कापूस तीन दिवस गाडीतच राहिला. ओलावा जास्त आहे, म्हणाले. चौथ्या दिवशी कट्टी दुप्पट लावली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या गाड्यांतले कोणी बोलले नाही. कोणाला वाटले, आपला नंबर जाईल. कोणी म्हणाले, मालकाने आपल्या देवळाला फरशी दिली आहे. देवळाला फरशी दिली हे खरेच होते. त्या तक्रारीचे काय झाले, हे आजवर कोणी विचारलेले नाही. मारुती कांबळे दर वेळी जीवच गमावतो असे नाही. कधी कधी त्याचा फक्त कापूस गाडीत वाळतो.

दुष्काळाच्या वर्षीचे नाटक

आता मायबहिणींसाठी एक गोष्ट. १९७२ साल आठवणाऱ्या बाया इथे बसल्या आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्याच वर्षी मुंबईत तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग. सखाराम म्हणजे निळूभाऊ आणि चंपा म्हणजे लालन सारंग. नाटकावर गहजब झाला, सेन्सॉरने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले.

त्यात आहे काय? सखाराम हा पुस्तकबांधणी करणारा माणूस. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना तो घरी आणून ठेवतो. लग्न करत नाही. दारातच नियम सांगतो. मी ढोंगी नाही, जे आहे ते तोंडावर बोलतो, असा त्याचा तोरा. पण तोंडावर बोलला म्हणून जुलूम कमी होत नाही. ती बाई घरात सालगड्यासारखी राबते आणि जायला जागा नाही म्हणून राबते. बभ्रा झाला तो भाषेचा आणि उघडपणाचा. खरा घाव वेगळाच होता. टाकलेल्या बाईला समाजात कुठेही हक्काची जागा नाही, हे नाटकाने दाखवले म्हणून लोक बिथरले.

आपल्या गावातली टाकलेली बाई कुठे राहते? भावाच्या पडवीत. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला त्या बाईचे नाव सातबाऱ्यावर चढायला किती फेऱ्या मारायला लागतात, ते तिलाच विचारा. कापूस वेचायला बाई, निंदायला बाई, भाकरी थापायला बाई. कापसाची पट्टी मात्र बापयाच्या नावाने. वगातून आलेल्या, गावरान सिनेमात लोकप्रिय झालेल्या नटाने असे नाटक अंगावर घेतले, शिव्या खाल्ल्या आणि मागे हटला नाही. गल्ला सांभाळणारा नट असता तर म्हणाला असता, मला काय करायचे आहे.

सगळे ठाऊक असलेला माणूस

१९७९ सालचा ‘सिंहासन’ घ्या. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरचा, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांचे. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री डॉ. लागू. निळूभाऊ कोण? दिगू टिपणीस नावाचा वार्ताहर. पाटलाच्या भूमिकेने नाव कमावलेला नट इथे साधा शर्ट घालून सत्तेच्या दाराबाहेर फिरतो. त्याला सगळे ठाऊक आहे. कोण फुटणार, कोण विकला गेला, कोणाला कोणी गाठले. सगळे ठाऊक आणि हातात काही नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसतो.

जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकातही निळूभाऊंनी मुख्यमंत्र्याचा म्हातारा बाप केला. गांधींच्या मागे गेलेला अप्पाजी. पोराचे राज्य उघड्या डोळ्यांनी बघणारा. हिंदीतही ते गेले. ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’ या १९८३-८४ च्या सिनेमांत ते आहेत. ‘सारांश’मधला त्यांचा गुंड पुढारी पाहा, ओळखीचा वाटेल. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला.

पण मला दिगू टिपणीस जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण आज आपण सगळे दिगू टिपणीस झालो आहोत. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. परदेशात रुईचा भाव काय, कुठल्या बाजारात आज काय निघाला, आयात किती होणार, कोणाला विम्याचे किती आले, हे सगळे सकाळच्या चहाआधी कळते. कळून करतो काय? पुढच्या गटावर ढकलतो. एखादा हसण्याचा बाहुला चिकटवतो. माहितीने माणूस शहाणा होतो, पण शहाण्या माणसांची नुसती गर्दी जमली म्हणून काटा सरळ होत नाही. त्यासाठी कोणीतरी उठून जावे लागते. सकाळी सातला काट्यापाशी उभे राहावे लागते. कचेरीत बारा फेऱ्या माराव्या लागतात. आणि हे करणाऱ्या माणसाचे घर कोणीतरी चालवावे लागते. आता मी मुद्द्यावर आलो.

कार्यकर्त्याच्या चुलीचे काय?

निळूभाऊ मोठे नट झाले. नाव झाले. पण सेवा दलातला माळी त्यांच्यातून गेला नाही. बाबा आढावांच्या चळवळींना, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला त्यांनी वेळ दिला. डॉ. लागू, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि निळूभाऊ यांच्यासारख्या माणसांनी मिळून १९८०च्या दशकात एक वेगळाच विचार केला. खेड्यापाड्यांत पूर्ण वेळ काम करणारा कार्यकर्ता असतो. कोणी भटक्यांत काम करतो, कोणी धरणग्रस्तांत, कोणी मजुरांत. त्याचा संसार कसा चालतो, हे समाज कधी विचारत नाही. भाषणात त्याला हार घालतो आणि घरी रिकाम्या हाताने पाठवतो. हे समाजाचे देणे आहे, भीक नव्हे, असे मानून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला.

पैसा कसा जमवला? या नटांनी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ हे नाटक बसवले. नामवंत नट-नट्यांनी गावोगाव त्याचे प्रयोग केले. जमलेला पैसा निधीत गेला. मूळ रकमेला हात न लावता व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, असे ठरले. ज्या तोंडाला पाहून बाया बोटे मोडत होत्या, तेच तोंड दाखवून निळूभाऊंनी कार्यकर्त्यांच्या चुलीसाठी पैसा उभा केला. बियाणे मोडून खायचे नाही, पीक वाटून घ्यायचे, हा आपलाच जुना न्याय त्यांनी पैशाला लावला.

त्यातले बहुतेक आता नाहीत. निळूभाऊ २००९ ला गेले. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून मारले. डॉ. लागू २०१९ ला गेले. निळूभाऊंच्या अखेरच्या काळातला एक सिनेमा होता, ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’. शेतकऱ्याच्या कर्जावरचा आणि आत्महत्येवरचा. ज्या पडद्यावर शेतकऱ्याची रया गेली होती, त्याच पडद्यावर जाता जाता हा नट शेतकऱ्याच्या मरणाच्या गोष्टीत उभा राहिला.

आता आपल्याकडे बघू. आपल्या भागात गेल्या काही वर्षांत चांगली पोरे चळवळीत आली. शिकलेली, बोलणारी, कागद वाचणारी. त्यातली किती टिकली? एक पोरगा विम्याचे अर्ज गावोगाव फिरून भरून द्यायचा. स्वतःच्या गाडीत स्वतःचे पेट्रोल. लग्न झाले, लेकरू झाले, शाळेची फी आली. आज तो पुण्याकडे कारखान्यात पाळीवर आहे. त्याला कोणी फितवले नाही, कोणी धमकावले नाही. आपण त्याला उपाशी ठेवले, म्हणून तो गेला. सावकार, व्यापारी, कंपनी या सगळ्यांची माणसे पगारी आहेत. त्यांच्या समोर आपण एक फुकटचा माणूस उभा करतो आणि म्हणतो, लढ बाबा, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पाठीशी म्हणजे कुठे? पाठ दिसते, हात दिसत नाही.

मी तुम्हाला रुपयातले दोन आणे मागत नाही. ते निळूभाऊंना जमले. कोरडवाहू शेतकऱ्याला मी ते मागणे बरोबर नाही. हिशेब असा धरा. पाच एकर कापूस, एकरी पाच क्विंटल. पंचवीस क्विंटल झाले. क्विंटलमागे पाच रुपये बाजूला ठेवले तर घरामागे सव्वाशे रुपये. काट्यावर एका गाडीला जेवढी कट्टी तुम्ही मुकाट्याने सोडून येता, त्याच्याशी हा आकडा ताडून बघा. शंभर घरांचे साडेबारा हजार. दहा गावांनी केले तर सव्वा लाख. एका कार्यकर्त्याची चूल यात पुरी पेटणार नाही, पण विझणारही नाही. ज्याचे पीक बुडाले त्याने काही द्यायचे नाही. ज्याची ज्वारीच आहे, त्याने खळ्यावरून पायलीभर द्यावी. धान्यसुद्धा कार्यकर्त्याच्या घरात लागतेच.

आणि एक अट. आपल्याकडे पैसा जमतो आणि हिशेब हरवतो. मग पुढच्या वेळी कोणी देत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी चावडीवर हिशेब मोठ्याने वाचायचा. वाचणारी बाई असावी, असे माझे मत आहे. कोणीही उठून विचारावे, अमुक रुपयाचे काय झाले. विचारणाऱ्याकडे कोणी डोळे वटारायचे नाहीत, आणि ‘बघू की’ तर मुळीच म्हणायचे नाही. तसे झाले तर आपणच हिंदूराव धोंडे पाटील झालो, असे समजा. जी चळवळ स्वतःला प्रश्न विचारू देत नाही, तिला काटेवाल्याला जाब विचारायचा अधिकार राहत नाही.

इथे चारठाण्यात यादवांच्या काळातली दगडी देवळे उभी आहेत. ती बांधणाऱ्या राजाचे नाव पुस्तकात असते. दगड घडवणाऱ्या पाथरवटाला भाकरी कोणी घातली, ते कुठे लिहिलेले नाही. पण कोणीतरी घातली असणार, नाहीतर खांब उभे राहिले नसते. आपल्या चळवळीचेही तसेच आहे. भाषण करणाऱ्याचे नाव छापून येते. काम उभे राहते ते ज्याच्या घरात संध्याकाळी भाकरी असते त्याच्यामुळे.

पोरांनो, निळू फुल्यांची नक्कल जरूर करा. फार चांगली नक्कल होते तुमची. तिच्या जोडीला माळ्याच्या ८० रुपयांतल्या १० रुपयांचीही एकदा नक्कल करून बघा. ती जास्त अवघड आहे.

बैठक संपल्यावर प्रत्येक गावाने दोन नावे द्यावीत. एक हिशेब ठेवणाऱ्याचे आणि एक हिशेब विचारणाऱ्याचे. या हंगामाच्या पहिल्या वेचणीपासून सुरुवात करू.